नियमपुस्तक आणि पंगत

नियम एकदा छापून निघाले की ते सर्वांचे होतात, ज्याला वाचता येते त्याला ते शिकता येतात, असा एक समज आपल्या शिकल्यासवरल्या वर्गात घट्ट बसलेला आहे. हा समज भाबडा आहे. छापील नियम आणि प्रत्यक्ष व्यवहार यांच्यामध्ये एक पंगत बसलेली असते. त्या पंगतीत ज्याचे पान मांडले जाते त्याला नियमांचा अर्थ उलगडतो. ज्याला दाराबाहेर थांबवले जाते त्याच्या हाती पुस्तक दिले तरी ते मुके राहते. शाळा, महाविद्यालय, कचेरी, न्यायालय, साहित्यसंस्था या सर्व ठिकाणी आपल्या दोन-तीन पिढ्यांनी याचा अनुभव घेतलेला आहे. या लेखात मात्र हा प्रश्न मी एका वेगळ्याच क्षेत्रात नेऊन तपासणार आहे. ते क्षेत्र म्हणजे अमेरिकेत १९७४ साली जन्मलेला, मेजाभोवती बसून खेळायचा भूमिका-खेळ.

दलित साहित्य आणि समाजचिंतनाला वाहिलेल्या नियतकालिकात अमेरिकेतल्या पोरांच्या खेळाची चर्चा कशासाठी, असे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. खेळ ही किरकोळ बाब समजली जाते, आणि म्हणूनच तिथे समाज आपले मन फारसे झाकत नाही. ज्ञान कोणाजवळ असावे, ते कोणी कोणाला आणि कोणत्या अटींवर द्यावे, याविषयीच्या कल्पना खेळाच्या नियमपुस्तकातही उघड्या पडतात. शिवाय नियमपुस्तक हे एक लेखन आहे. त्याला भाषा आहे, निवेदक आहे, त्याने मनात धरलेला एक वाचक आहे. तो वाचक कोण आणि कोण नाही, हे पाहणे समीक्षेचेच काम आहे.

खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगते. चार-सहा जण एकत्र बसतात. त्यांतला एक जण पंच असतो. पुढे त्याला 'डंजन मास्टर' हे नाव पडले. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी धर्मोपदेशक. पंच सांगतो, 'समोर दगडी दरवाजा आहे, पलीकडून कुजबूज ऐकू येते.' खेळाडू आपापले पात्र काय करते ते बोलून दाखवतात. जिथे यशापयश अनिश्चित असते तिथे फासे टाकतात. पट असला तर असतो, नसला तरी अडत नाही. शेवटी कोणी जिंकत नाही आणि हरतही नाही. सगळा खेळ बोलण्यात आहे. मग यात शिकायचे काय आणि कोणाकडून?

१

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या जातीचा पहिला छापील खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे दोन कर्ते. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावातून १९७४ च्या जानेवारीत त्याच्या एक हजार प्रती निघाल्या. खोक्यात तीन लहान पुस्तिका, किंमत दहा डॉलर. फक्त या पुस्तिका वाचून खेळ समजणे जवळपास अशक्य होते. लढाईच्या नियमांसाठी त्या वाचकाला 'चेनमेल' या १९७१ सालच्या वेगळ्याच युद्धखेळाकडे पाठवत. रानावनातल्या प्रवासासाठी तिसऱ्याच एका कंपनीच्या खेळाचा पट जवळ असावा, असे सुचवत. 'पातळी' हा एकच शब्द पात्राची पात्रता, भुयाराची खोली, मंत्राचे बळ आणि राक्षसाची ताकद अशा चार अर्थांनी येई. या घोळाची दखल खुद्द गायगॅक्सला १९७८ च्या पुस्तकात घ्यावी लागली. डावाची सुरुवात कशी करायची, हे त्या पुस्तिकांत धडपणे सांगितलेले नव्हते.

असे का झाले? लेखक आळशी होते म्हणून नव्हे. आपला वाचक आपल्यासारखाच आहे, असे त्यांनी गृहीत धरले होते. शिशाचे सैनिक मांडून जुन्या लढाया खेळणारे, एकमेकांना पत्रे लिहिणारे, एकमेकांच्या तळघरांत जमणारे मध्य-पश्चिम अमेरिकेतले पुरुष, हा त्यांचा वाचक. अशा वाचकाला अर्धे सांगितले तरी पुरते. मंडळातल्या माणसाने मंडळातल्या माणसासाठी लिहिलेल्या लेखनाचा हा गुणही असतो आणि दोषही. मराठीतल्या प्रस्थापित समीक्षेबद्दल आपण हीच तक्रार वर्षानुवर्षे करत आलो आहोत. ती अवघड असते ती विचाराच्या खोलीमुळे कमी आणि न सांगितलेल्या ओळखींमुळे अधिक.

याहून बोलकी गोष्ट पुढेच आहे. या खेळाच्या दोन कर्त्यांपैकी एकालाही तो पुस्तकातून कळलेला नव्हता. मिनेसोटातल्या जुळ्या शहरांत डेव्हिड वेसली याने १९६९ साली एक निराळा युद्धखेळ मांडला. त्यात प्रत्येक खेळाडू सैन्याऐवजी एकेक माणूस झाला. तिथे खेळलेल्या अर्नेसनने त्यातून आपला 'ब्लॅकमूर'चा डाव सुरू केला. १९७२ च्या अखेरीस तो लेक जिनिव्हाला गेला आणि गायगॅक्सच्या घरी त्याने तो डाव खेळवून दाखवला. गायगॅक्स त्या रात्री मेजाशी बसला, आणि तिथे त्याला हा प्रकार उमगला. टिपणे नंतर आली आणि पुस्तक त्याहून नंतर. म्हणजे नियम लिहिणाराही आधी पंगतीत बसून शिकला होता.

२

हा गायगॅक्स कोण होता, हेही आपण पाहिले पाहिजे. शालेय शिक्षण अर्धवट सोडलेला माणूस. विम्याच्या कंपनीतली नोकरी १९७० साली गेली, तेव्हा घरातच जोडे दुरुस्त करून संसार चालवू लागला. (जोडे दुरुस्त करणाऱ्याला त्या देशात विटाळ चिकटत नाही. त्याने लिहिलेले पुस्तक कोणी लांबून झेलत नाही. हा फरक नोंदवून पुढे जाऊ.) विद्यापीठाचा शिक्का नसलेल्या या माणसाने पुस्तकांतून, मित्रांतून आणि हट्टाने ज्ञान मिळवले. अशा माणसाकडून कोणती अपेक्षा करावी? दार उघडण्याची.

झाले ते उलटे. १९७८ मध्ये त्याने खेळाडूंसाठी एक जाड पुस्तक काढले आणि १९७९ मध्ये पंचासाठी दुसरे. समोरच्या शत्रूला घाव लागण्यासाठी फाशावर किती पडले पाहिजे याचे तक्ते पंचाच्या पुस्तकात गेले. विष, शाप, मंत्र यांतून पात्र बचावते की नाही याचे तक्तेही तिथेच. खेळाडूने पैसे मोजून घेतलेल्या पुस्तकात त्याला स्वतःच्या तलवारीचा नियम मिळत नव्हता. वर पंचाच्या पुस्तकाच्या प्रास्ताविकात गायगॅक्सने बजावले की, पंच नसलेल्या खेळाडूकडे हे पुस्तक सापडले तर त्याला सन्मानाच्या मरणालाही लायक समजू नये. सूर थट्टेचा आहे. पण थट्टेत माणूस जे बोलतो ते त्याच्या मनात कुठेतरी असतेच.

हे वाचताना आपल्यापैकी कोणालाही गौतम धर्मसूत्र आठवेल. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांत वितळलेले कथील आणि लाख ओतावी, असे ते सांगते. मात्र या दोन गोष्टी एका मापाने मोजणे आपल्या पूर्वजांच्या दुःखाचा अपमान ठरेल. गायगॅक्सचे पुस्तक दुकानात कोणालाही विकत मिळत होते, आणि कितीतरी खेळाडूंनी ते वाचलेही. तिथे कोणाचा कान जळला नाही. तुलना यातनेची नाही, रचनेची आहे. ज्ञानाची वाटणी करून एक भाग एका आसनाला बांधून टाकला, की त्या आसनाभोवती पौरोहित्य उभे राहते. त्यासाठी जन्माने ब्राह्मण असावे लागत नाही. शाळा सोडलेला, जोडे शिवलेला माणूसही ते उभे करतो. मला या उदाहरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हेच.

३

इथे एक आक्षेप येईल, आणि तो दुबळा नाही. नियम झाकणे म्हणजे नेहमीच अन्याय का? लहानपणी आपण सगळे 'कच्चा लिंबू' म्हणून खेळलो. मोठ्यांच्या डावात धाकट्याला घ्यायचे, त्याच्यावर राज्य द्यायचे नाही, तो बाद झाला तरी बाद धरायचे नाही. त्याला नियम कोणी सांगत नसे. धावता धावता त्याला ते कळत, आणि एक दिवस तो पक्का भिडू होई. नियम पुढे करून आधी परीक्षा घेतली असती, तर तो कट्ट्यावरच बसून राहिला असता.

युद्धखेळांच्या इतिहासातही हा वाद झालेला आहे. प्रशियात १८२४ साली राइसवित्स या तरुण अधिकाऱ्याने सैन्यासाठी कोष्टके आणि फासे यांनी भरलेला खेळ तयार केला. पुढे तो इतका किचकट झाला की अधिकारी कंटाळले. १८७६ मध्ये फेर्डी दु वेर्नुआ याने सुचवले की कोष्टके बाजूला ठेवा, अनुभवी पंचाने परिस्थिती ऐकावी आणि निकाल द्यावा. खेळाडूने फक्त हुकूम द्यायचे. अर्नेसनचा डावही पुष्कळसा असाच चालायचा. हिशेब पंचाचा, खेळाडूने आपण काय करतो तेवढे सांगावे. अशा खेळात नवख्याला पहिल्या क्षणापासून प्रवेश असतो. पाठांतराची अट नसते.

तेव्हा पंचाला विचारायचा प्रश्न असा की, तू नियम कशासाठी झाकतोस? समोरच्याचे ओझे उतरवण्यासाठी, की आपले आसन उंच करण्यासाठी? पहिल्या झाकण्यात माया आहे, दुसऱ्यात सत्ता. आणि ओळखण्याची खूण सोपी आहे. खेळाडूने 'हे असे का?' म्हणून विचारले, तर पहिला पंच पुस्तक उघडून समोर ठेवतो. दुसरा रागावतो.

पण मायेच्या पंगतीतही एक अडचण उरते. ती मला पुस्तकातून कळलेली नाही. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला अशा डावाला बोलावले होते. मेजाभोवती पाच तरुण, सगळे सौजन्याने वागणारे. 'मॅडम, नियमांची काळजी करू नका. तुमचं पात्र काय करतं तेवढं सांगा,' तो म्हणाला. यापेक्षा मोकळे आमंत्रण कोणते असणार? आणि तरीही पहिला तासभर मी एक शब्द बोलले नाही. बाकीचे एकमेकांचे बोलणे तोडत होते, पंचाशी हुज्जत घालत होते, इंग्रजी कादंबऱ्या आणि चित्रपटांतले दाखले देऊन हसत होते. मी मात्र माझी पाळी येण्याची वाट पाहत होते. त्या खेळात पाळी बहुतेक वेळ नसतेच. ज्याला बोलायचे असते तो बोलतो. हा त्या मेजाचा पहिला नियम होता, आणि तो कोणी सांगितला नाही, कारण तो नियम आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते. 'विचारल्याशिवाय बोलू नये, मोठ्या लोकांत आपण होऊन तोंड उघडू नये' ही शिकवण माझ्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली. तिच्यापायी मार टळत असे. ती अंगातून जायला पदवी पुरली नाही.

मी वर्गात शिकवते. मागच्या बाकांवरच्या मुलामुलींचे मौन मी अनेक वर्षे 'तयारी नाही' असे वाचत होते. त्या संध्याकाळी मला माझी चूक कळली.

४

मेजाशी जागा नसलेल्याने काय करायचे, हा प्रश्न अमेरिकेतही आला. १९७४ च्या त्या पुस्तिका गावोगाव, वसतिगृहोवसतिगृही छायाप्रतींतून पसरल्या. जिथे शिकवायला कोणी पोचले नव्हते तिथे लोकांनी आपापल्या परीने अर्थ लावला. पासाडेनाच्या कॅल्टेकमधल्या विद्यार्थ्यांनी १९७५ मध्ये स्वतःचे नियम रचून 'वॉरलॉक' नावाने छापले. त्याच वर्षी फिनिक्सच्या केन सेंट आंद्रे याने पुस्तिका वाचल्या, त्या त्याला पटल्या नाहीत, आणि त्याने 'टनेल्स अँड ट्रोल्स' हा आपला खेळ लिहून काढला. त्याला बाजारात मिळणारे साधे सहा बाजूंचे फासे पुरत. एकलव्याची गोष्ट आपल्याला फक्त अंगठ्यासाठी आठवते. पण गुरूवाचून शिकणारा माणूस हुबेहूब नक्कल करत नाही, तो नवे काही निर्माण करतो, हेही तिच्यात आहे. फिनिक्समध्ये अंगठा कोणी मागितला नाही, म्हणून तिथे दुसरा खेळ उभा राहिला. त्याच खेळासाठी १९७६ मध्ये 'बफेलो कॅसल' ही एकट्याने खेळायची पुस्तिका निघाली. ना पंच, ना पंगत. परिच्छेद वाचा, निवड करा, सांगितलेल्या पानावर जा.

मूळ खेळाच्या कंपनीलाही मग नवख्याचा विचार करावा लागला. तीन प्रयत्न महत्त्वाचे आहेत.

पहिला जे. एरिक होम्स यांचा, १९७७ सालचा. होम्स हे मज्जाविज्ञानाचे प्राध्यापक. मूळ पुस्तिका नवशिक्यांना कळत नाहीत हे पाहून त्यांनी आपण होऊन हे काम मागून घेतले आणि पहिल्या तीन पातळ्यांचे नियम सुसंगत लावून दिले. हे संपादकाचे काम होते आणि ते प्रामाणिक होते. पण त्यात पुस्तक स्वच्छ झाले, मेज दिसले नाही.

दुसरा टॉम मोल्डवे यांचा, १९८१ सालचा. त्यांनी एका चालू डावाचा संवाद छापला. पंच काय बोलतो, खेळाडू काय विचारतात, कोण घाई करतो, सगळे त्यात आहे. त्या तुकडीच्या वतीने पंचाशी बोलते ती मॉर्गन आयर्नवुल्फ ही स्त्री-योद्धा. ब्लॅक डुगल नावाचा चोर पेटी तपासतो, त्यातली विषारी सुई त्याच्या नजरेतून सुटते, आणि तो तिथेच मरतो. एवढ्या एका प्रसंगातून वाचकाला कळते की या खेळात पात्र मरू शकते, फासा कोणाचा नातेवाईक नसतो, आणि मेलेल्या पात्रामागचा माणूस मेजाशी बसलेलाच असतो. ज्याने कधी असा डाव पाहिला नाही त्याच्या कानांवर या संवादाने मेजाचा आवाज घातला. माझ्या मते या तिन्हींत हा प्रयत्न श्रेष्ठ आहे, कारण कसे बोलावे हा न लिहिलेला नियम इथे स्पष्टपणे लिहिला गेला.

तिसरा फ्रँक मेंट्झर यांचा, १९८३ सालचा, लाल खोक्यातला. हे पुस्तक वाचकाला थेट 'तू' म्हणते. तू योद्धा आहेस, गुहेत शिरला आहेस. तिथे अलीना नावाची धर्मोपदेशिका भेटते, लढायला आणि सावरायला शिकवते. बार्गल हा दुष्ट जादूगार तिला ठार करतो, आणि तिचा देह घेऊन वाचक गावाकडे परततो. तोवर त्याच्या नकळत त्याने अर्धे नियम शिकलेले असतात. एकटे, मित्र नसलेले, दूरच्या गावातले मूल या पुस्तकाने पहिल्यांदा वाचक म्हणून मान्य केले. गुरूने शिष्याचा अंगठा घ्यायचा ही परंपरा आपल्याला ठाऊक. इथे शिकवणारी शिकवून मरते आणि काही मागत नाही. गोष्ट साधी, थोडी भाबडीही आहे. पण शिकवणे म्हणजे काय याविषयीची तिची समज गायगॅक्सच्या १९७९ च्या प्रास्ताविकापेक्षा कितीतरी उन्नत आहे.

५

मात्र नियम शिकणे म्हणजे केवळ खेळ शिकणे नव्हे. नियमाबरोबर माणूस एक जगही शिकतो. १९७४ च्या पुस्तिकांत पात्राचा वंश आधी ठरतो. माणूस कितीही वर चढू शकतो. ड्वॉर्फ वंशाचा योद्धा सहाव्या पातळीपुढे जात नाही. बुटक्या हाफलिंगला चौथी पातळी ही हद्द. एल्फ योद्धा म्हणून चौथ्या आणि जादूगार म्हणून आठव्या पातळीवर थांबतो. पराक्रम कितीही केला तरी जन्माने आखलेली रेघ ओलांडता येत नाही. १९७८ च्या पुस्तकात स्त्री-पात्राच्या शारीरिक बळालाही पुरुषापेक्षा खालची मर्यादा आहे. हजारो मुलांनी हे 'असेच असते' म्हणून पाठ केले. राक्षस आणि परीचे जग आहे, त्यात बिघडले काय, असे विचारणाऱ्यांना माझा उलट प्रश्न आहे. ज्या जगात माणूस वाटेल ते कल्पू शकतो, तिथेही त्याला जन्माची रेघच का सुचावी?

स्त्रियांवरची मर्यादा १९८९ च्या आवृत्तीत गेली. वंशाच्या पातळ्यांची हद्द २००० साली गेली. 'वंश' हा शब्द जाऊन 'प्रजाती' आला आणि अंगभूत गुणांची वाढ जन्माऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली गेली, ती २०२४ मध्ये. पन्नास वर्षे लागली. नियम बदलता येतात, एवढे तरी यातून सिद्ध होते. ज्यांना ते टोचत होते त्यांनी ते मोडून खेळायला सुरुवात केली, आणि पुस्तक मागाहून आले.

या संदर्भात दुसऱ्या एका खेळाकडे वळायला हवे, कारण त्याचा आपल्या उपखंडाशी थेट संबंध आहे. 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा एम. ए. आर. बार्कर यांचा खेळ १९७५ साली त्याच कंपनीने काढला. बार्कर मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई विषयांचे प्राध्यापक, उर्दू आणि बलुची शिकवणाऱ्या पुस्तकांचे कर्ते. त्यांनी कल्पिलेले त्सोल्यानू साम्राज्य कुळांच्या उतरंडीवर उभे आहे. उच्च, मध्यम, नीच कुळे, खाली गुलाम. तिथल्या भाषेत समोरच्याच्या दर्जाप्रमाणे 'तू' आणि 'तुम्ही' यांची अनेक रूपे आहेत. आपल्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

नवख्याने हे सारे शिकायचे कसे? बार्कर यांची युक्ती अशी की, खेळाडूची पात्रे परदेशी म्हणून होडीतून जकाल्ला बंदरात उतरतात. त्यांना परक्यांच्या वस्तीत राहावे लागते. रीत ठाऊक नाही, भाषा ठाऊक नाही, आणि चुकले तर सुळावर जाण्यापर्यंत शिक्षा. खेळाडूचे अज्ञान आणि पात्राचे अज्ञान एकरूप होते. पुस्तक पाठ न करता माणूस एकेक चूक टाळत जग शिकतो. नियम शिकवण्याची युक्ती म्हणून मी हिला फार वरचे स्थान देते.

आणि हीच युक्ती मला बोचते. वस्तीत राहायचे, रस्त्यावर जपून चालायचे, कोणासमोर कसे बोलायचे हे भीतीतून शिकायचे, हा खेळ आपल्या आजोबा-पणजोबांनी फाशांवाचून खेळला. त्यांना डाव अर्धा टाकून घरी जाण्याची सोय नव्हती, कारण घरही त्याच पटावर होते. मिनिआपोलिसच्या मेजावर जी गंमत ती गावकुसाबाहेर जगण्याची अट होती. रीत शिकावी, कामे मिळवावीत, हळूहळू साम्राज्यात स्थान मिळवावे, हा त्या खेळाचा रोख आहे. उतरंड शिकून तिच्यात वर चढणे, एवढेच स्वप्न तो नवख्यापुढे ठेवतो. याच बार्कर यांनी टोपणनावाने नाझी विचारांची कादंबरी लिहून १९९१ मध्ये प्रसिद्ध केली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २०२२ साली, त्यांच्या निर्मितीची जपणूक करणाऱ्या प्रतिष्ठानने जाहीरपणे मान्य केले. ही बातमी कळल्यावर मी तो खेळ पुन्हा वाचला. कादंबरीवरून खेळाला शिक्षा द्यावी, असे मी म्हणत नाही. पण एवढ्या विद्वान माणसाने इतकी बारकाईने उतरंड रचली आणि ती मोडण्याची कल्पना नवख्याच्या हाती दिली नाही, हे आता मला योगायोग वाटत नाही.

६

आज परिस्थिती बदलली आहे. २००० साली या खेळाच्या नियमांचा गाभा इतरांनीही वापरावा असा खुला परवाना निघाला. जानेवारी २०२३ मध्ये मालक कंपनीने तो आवळण्याचा घाट घातला, तेव्हा खेळाडूंनी एवढा गदारोळ केला की महिना संपण्याआधी कंपनीने नियमांचा गाभा कायमच्या खुल्या परवान्याखाली ठेवून दिला. पंचाचे पुस्तक झाकून ठेवण्यापासून इथवरची ही वाटचाल मोठी आहे. नियम फुकट आहेत, ते आता कोणी काढून घेऊ शकत नाही.

पण पुस्तक खुले झाले म्हणजे पंगत खुली झाली का? गॅरी अॅलन फाइन या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटातल्या खेळगटांत बसून अभ्यास केला आणि १९८३ मध्ये पुस्तक लिहिले. त्यातल्या मेजांभोवती जवळपास सगळे तरुण पुरुषच आहेत. स्त्रियांनी येऊ नये असा नियम कोणत्याच पुस्तकात नव्हता. तो मेजाचा नियम होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगितले होते की, घटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारी माणसे वाईट निघाली तर ती वाईटच ठरेल. लिखित नियमाची थोरवी आणि त्याची मर्यादा, दोन्ही त्यांना ठाऊक होत्या. म्हणून त्यांनी घटनाही लिहिली आणि महाविद्यालयेही काढली. पुस्तकही दिले आणि बाकही दिला.

आता प्रश्न आपला. आपल्यापैकी अनेक जण पहिल्या पिढीचे पदवीधर आहेत. न लिहिलेले नियम आपण ठेचा खात शिकलो. कोणत्या सभेत कसे बोलावे, अर्ज कोणाकडे द्यावा, कोणाच्या पुस्तकाचा उल्लेख केला म्हणजे लेख स्वीकारला जातो, हे आपल्याला कळले. त्या कळण्याचे आपण काय केले? 'दलित ब्राह्मण' हा शब्द आपल्यातच निघाला, तो उगाच नाही. शाळा सोडलेल्या, जोडे शिवलेल्या माणसाने पाच वर्षांत आपल्या ज्ञानाभोवती कुंपण घातले. आपण त्याच्याहून वेगळे आहोत, हे आपल्याला सिद्ध करावे लागेल.

या सत्रापासून मी माझ्या वर्गात पहिल्या दिवशी एक कागद वाटते. वर्गात मध्येच प्रश्न विचारता येतो. मला चूक म्हणता येते. ग्रंथालयातून पुस्तक घेण्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज अडला तर माझ्या खोलीत यावे, दार वाजवावे, 'बिझी आहात का' असे विचारायची गरज नाही. अशी दहा-बारा वाक्ये. सहकारी हसले, कारण त्यांच्या मते हे सगळ्यांना माहीत असते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने तो कागद घडी करून वहीत ठेवला आणि तिसऱ्या दिवशी मला मध्येच थांबवून विचारले, 'मॅडम, हे असंच का?' मी पुस्तक उघडून तिच्यासमोर ठेवले.